कॉफीच्या डोंगराचा सुरतेकडचा पायथा

उधना, सुरत
फेब्रुवारीची अखेर

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं आणि त्याच्यासोबतचा टाइप केलेला कागदही. तुमच्या मालकांना पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये कॉफी इस्टेटीचा इतिहास फ्रेम करून लावायचाय, आणि पुण्या-मुंबईची माणसं हल्ली चिकमगळूरला फार येतात म्हणून तो मराठीतही हवाय. हे काम तू माझ्याकडे दिलंस, बरं वाटलं. पण त्या कागदावरचं पहिलंच वाक्य वाचून मी अडले. एका इंग्रज साहेबाने जंगल साफ करून पहिली रोपं लावली आणि तिथून इस्टेटीचा इतिहास सुरू झाला, असं त्यात लिहिलंय. मराठी करून पाठवतेच गं, पण त्याआधी हे पत्र सावकाश वाच, आणि जमलं तर मालकांनाही त्यातलं सांग.

तुमच्या डोंगराचा एक पायथा इकडे सुरतेत आहे, हे मला सांगायचंय. आज इथे कुणाला हे पटणार नाही. सुरत चहा पिते. उन्हाळ्यात रात्री जेवणं झाली की घरंच्या घरं कोल्ड कोको प्यायला गाड्या काढतात. कॉफी भेटते ती लग्नाच्या हॉलमध्ये, मशीनमधून फेस काढलेली. पण चारशे वर्षांपूर्वी कॉफी काय चीज आहे हे हिंदुस्थानातल्या ज्या थोड्या गावांना ठाऊक होतं, त्यात हे गाव पुढे होतं. आणि ते ठाऊक झालं कापडामुळे.

तू लिहितेस की झाडांवर कळ्या धरल्यात आणि सगळे ब्लॉसम शॉवरची, म्हणजे फुलोरा आणणाऱ्या सरीची, वाट बघताहेत. याच दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सुरतेची जहाजं तांबड्या समुद्राकडे निघायची. ईशान्येकडून येणारा वारा संपायच्या आत त्यांना मोखा गाठावं लागे. येमेनच्या किनाऱ्यावरचं ते बंदर. मग नैर्ऋत्य पावसाचा जोर ओसरायला लागला की, ऑगस्ट-सप्टेंबरात, परत. मोठी जहाजं तापीच्या मुखाजवळ सुवाळीला नांगर टाकत. तीच सुवाळी, जिथे रविवारी आमची पोरं समुद्रावर जातात. जाताना जहाजांत कापडाच्या गाठी भरलेल्या असत: भरूच-नवसारीकडचे बाफ्ते, अहमदाबादचा माल, आणि बऱ्हाणपूरची तलम मलमल.

बऱ्हाणपूरचा माल सुरतेला कुठल्या वाटेने यायचा सांगू? ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात त्या वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवलेत. त्यात चोपडा आहे, थाळनेर आहे, नवापूर आहे. नवापूर विणकरांनी भरलेलं मोठं गाव आहे अशी त्याची नोंद आहे, आणि बऱ्हाणपूरचं कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं असंही तो सांगतो. म्हणजे तुझ्या-माझ्या माहेरच्या शिवारांवरून तो माल वाहणाऱ्या बैलांची लांबच लांब रांग जायची. तू अमळनेर सोडून एवढ्या दूर कन्नड मुलखात गेलीस, इथली भाषा वेगळी, जेवण वेगळं, असं तू सुरुवातीला किती लिहायचीस. मला तर आता वाटतं, तू आपल्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलीयस.

मोख्यात त्या कापडाचा भाव फुटायचा आणि बदल्यात मुख्यतः चांदी मिळायची. मोखा म्हणजे मोगलांच्या खजिन्याची पेटी, असं त्या काळातले लोक म्हणत. चांदीसोबत कॉफीही यायची. कॉफीची झाडं मोख्याला नव्हती. तिथे नुसती वाळू आणि ऊन. झाडं होती मागे, येमेनच्या उंच डोंगरात, पायऱ्या-पायऱ्यांच्या दगडी बांधांवर. तिथून फळं वाळवून उंटांवर खाली येत आणि बैत अल-फकीह नावाच्या बाजारात विकली जात. त्या बाजारात आणि मोख्यात दलाल म्हणून गुजरातचे वाणी बसलेले असत. सुरत-दीवकडची ही माणसं दुसऱ्यांच्या मुलखात, दुसऱ्या धर्माच्या राज्यात, बायकामुलांपासून लांब राहून तोलमाप आणि हुंड्या सांभाळत. कॉफीच्या इतिहासात येमेनचे शेतकरी येतात, तुर्की सुलतान येतात, लंडनची कॉफी-हाउसं येतात. या वाण्यांचं नाव फार थोडे घेतात, याचं मला वाईट वाटतं.

येमेनच्या त्या डोंगराचं पाहिलेलं वर्णनही सुरतेच्याच दिशेने निघालेल्या एका माणसाचं आहे. जॉन जॉर्डेन हा इंग्रज कंपनीचा माणूस १६०९ साली एडनला उतरला आणि साना शहराला गेला. वाटेत एका फार उंच डोंगरावर, एका छोट्या गावात कॉफी आणि फळं विकायला ठेवलेली त्याने पाहिली, आणि हे बी मोठ्या व्यापाराचं आहे, कैरोला, तुर्की मुलखात आणि हिंदुस्थानात जातं, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे त्याच सालात ‘असेन्शन’ हे त्यांचं जहाज गुजरातच्या किनाऱ्याशी बुडालं आणि वाचलेली माणसं होड्यांतून गणदेवीला लागली. गणदेवी म्हणजे आपलं अमलसाडच्या चिकूंचं गणदेवी. तिथून ती सुरतेला आली.

कॉफी इथून नुसती पुढे जात नव्हती, इथे प्यायलीही जात होती. एडवर्ड टेरी हा सर टॉमस रो या वकिलाचा पाद्री. तो १६१६ मध्ये सुवाळीला उतरला. धर्म कडक पाळणारी, दारूला न शिवणारी माणसं काळ्या बिया पाण्यात उकळून पितात, चव फारशी नाही पण पचनाला आणि तरतरीला चांगलं, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. त्याच वर्षी पीटर व्हान डेन ब्रुक हा डच व्यापारी मोख्यात होता आणि ते काळं गरम पाणी त्याने तिथे पाहिलं. पुढे १६२० ते १६२९ सुरतेच्या डच वखारीचा प्रमुख तोच होता. आणि १६३८ मध्ये मान्देल्स्लो नावाचा जर्मन तरुण इथे इंग्रजांकडे राहिला, तो लिहितो की आमच्या रोजच्या बैठकीत चहा असतो आणि इराणी लोक त्याऐवजी कहवा घेतात. म्हणजे आजची चहाची सुरत आणि कालची कॉफीची सुरत एकाच दिवाणखान्यात शेजारी शेजारी बसलेली होती!

एक गोष्ट तुला आवडेल. ‘सुरतेचं कॉफी-हाउस’ नावाची एक कथा आहे. लिहिली बर्नार्दां द सें-प्येर या फ्रेंच लेखकाने, अठराव्या शतकाच्या शेवटाकडे. हा माणूस दोनेक वर्षं मॉरिशसला राहून गेला होता. कथेत सुरतेच्या कॉफी-हाउसात देशोदेशीचे प्रवासी आणि व्यापारी बसलेत आणि देव खरा कुणाचा यावर वाद घालताहेत. एक इराणी पंडित, त्याचा आफ्रिकी गुलाम, ब्राह्मण, यहुदी, ख्रिस्ती, तुर्क, सगळे. शेवटी एक चिनी विद्वान त्यांना सूर्याचा आणि आंधळ्याचा दाखला देतो. तॉलस्तॉयला ही कथा इतकी भावली की त्याने ती रशियनमध्ये आणली. कथा कल्पनेतली आहे, पण जगातल्या सगळ्या धर्मांची माणसं एका छपराखाली कॉफी पिताना दाखवायची तर पॅरिसमधल्या लेखकाला हेच गाव सुचलं, यात मला खूप काही दिसतं. लिंबायतच्या बाजारात आज अहिराणी, उडिया, तेलुगू, भोजपुरी आणि सुरती एकाच वेळी कानावर पडतात. गावाचा तो स्वभाव अजून टिकून आहे.

आता बाबाबुडनांकडे येते. त्यांची गोष्ट मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तू मला सांगितलीस, तुमच्या कागदावरही ती एका ओळीत आहे: हजला गेलेल्या या सूफी संताने परतताना मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चंद्रगिरीच्या डोंगरावर लावल्या. अरब व्यापारी उगवेल असं बी बाहेर जाऊ देत नसत, भाजून किंवा उकळूनच देत, म्हणून लपवणं. ते इकडे कुठल्या बंदरात उतरले, हे गोष्टीत येत नाही. पण हजची वाट त्या काळी कशाने उघडी राहिली होती? कापडाच्या जहाजांनी. मोगल साम्राज्याचं हजचं बंदर सुरत होतं, मक्केचं दार म्हणायचे याला. व्यापारी आणि यात्रेकरू एकाच जहाजात बसत. बादशाहाचं ‘गंज-इ-सवाई’ हे प्रचंड जहाज १६९५ मध्ये मोख्याहून परतताना हेन्री एव्हरी या चाच्याने लुटलं, तेव्हा त्यावर चांदीही होती आणि हजहून येणारे स्त्री-पुरुषही. आम्ही घरपट्टीच्या कामाला जातो ते महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय म्हणजे १६४४ मध्ये बांधलेली मुघलसराई, शाहजहानच्या काळातली मुसाफिरांची आणि हाजींची धर्मशाळा. गेल्या महिन्यात तिथल्या दगडी कमानीखाली माझा नंबर यायची वाट बघत उभी होते आणि मनात तुमचा डोंगर होता. बाबा इथे उतरले असोत वा दक्षिणेच्या एखाद्या बंदरात, त्यांना नेणारी वाट विणकरांनी विणलेल्या कापडावर चालत होती.

बाबाबुडनांच्या बियांचं साल म्हणून पुस्तकांतून १६७० हा आकडा परंपरेने दिला जातो. आपण शाळेत हा आकडा दुसऱ्याच कारणासाठी पाठ केला होता. शिवाजी महाराजांची सुरतेवरची दुसरी स्वारी, ऑक्टोबर १६७०. पहिली जानेवारी १६६४ ची. पहिल्या स्वारीच्या सुमारास हबसाणच्या, म्हणजे इथिओपियाच्या राजाचा वकील औरंगजेबाच्या भेटीला जायचा म्हणून सुरतेत येऊन थांबला होता, आणि त्या धामधुमीत त्याचं बरंचसं सामान गेलं, असं बर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहितो. कॉफीचं झाड मुळात त्या इथिओपियाच्या रानातलं. तिथून ते येमेनच्या डोंगरात गेलं. एका गावात, एका आठवड्यात, राजगडाची आणि हबसाणची माणसं समोरासमोर आली होती, हे वाचल्यापासून मला ती जानेवारी वेगळीच दिसायला लागलीय.

महाराजांच्या स्वाऱ्यांनी हादरलेली ही पेठ नंतर पुन्हा सावरली. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुल्ला अब्दुल गफूर या एकट्या सुरती व्यापाऱ्याची एवढी जहाजं मोख्याला जात की युरोपातल्या कंपन्याही त्याला दबकून असत. १७१८ मध्ये तो गेला आणि पुढच्या काही दशकांत सुरतेचा समुद्रावरचा जोर ओसरला. अशीन दासगुप्ता यांनी या उतरणीवर अख्खं पुस्तक लिहिलंय, १९७९ चं. आपल्याकडच्या वाचनालयात मिळालं तर जरूर बघ, रात्र जागवणारं पुस्तक आहे.

मोख्याची मक्तेदारीही त्याच सुमारास मोडली, आणि कशाने मोडली? मलबारहून गेलेल्या झाडांनी. डचांनी १६९६ मध्ये मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावाला पाठवली. ती पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा पाठवली, ती जगली. जावातून एक झाड १७०६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या बागेत आलं, तिथून १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेलं आणि त्याच्या वंशातली रोपं पुढे अमेरिकेकडच्या बेटांवर पोचली. जगभरच्या कॉफीच्या मळ्यांचं एक आजोळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, हे तुमच्या पाहुण्यांना सांगायला काय हरकत आहे?

मग तुमचे साहेब लोक. हा भाग कागदावर भरपूर आहे, म्हणून मी थोडक्यात आटपते. त्यांच्याआधी कितीतरी वर्षं बाबाबुडनगिरीच्या आसपासची माणसं परसात कॉफी लावत होती. १८३० च्या सुमारास टॉमस कॅनन याने चिकमगळूरजवळ पहिला मोठा मळा केला. पुढे १८६० च्या दशकात खोडकिड्याने ‘चिक’ नावाची जुनी जात खाल्ली. त्यामागून पानांवरचा तांबेरा आला, ज्याने सिलोनची कॉफी पार बुडवली आणि त्या बेटाला चहाकडे वळवलं. तुमचा डोंगर मात्र टिकला. केंट नावाच्या मळेवाल्याने १९११ च्या सुमारास दोड्डेनगुड्डा इस्टेटीत एक झाड हेरलं. सगळी बाग आजारी असताना ते तग धरून होतं. त्याचं बी धरून ‘केंट’ जात झाली. तिच्या संकरातून पुढे एस. ७९५ निघाली, जी तुमच्या वरच्या प्लॉटमध्ये आहे. बाळेहोन्नूरचं संशोधन केंद्र १९२५ चं. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे सगळा माल जमा करायचा नियम आला, तो नव्वदच्या दशकात उठला. या दीडशे वर्षांच्या हकिगतीत मला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो केंट. हजार आजारी झाडांमधलं एक निरोगी झाड बघायला रोज पायी हिंडावं लागतं.

इस्टेटीचा स्वभाव कसा असतो, हे मला तुझ्याकडे डिसेंबरात आले तेव्हा कळलं. मी शेत म्हणजे उघडं आभाळ धरूनच गेले होते. आपल्या खान्देशात कपाशी, केळी, सगळं उन्हात. तिथे मात्र पीक जंगलाच्या पोटात. वर सिल्व्हर ओक, फणस, शिसव, उंबर. त्यांच्या खाली पांगारा. त्याच्या खाली कमरेला-छातीला लागणारी कॉफी. आणि प्रत्येक उंच बुंध्यावर मिरीचा वेल. सावली किती ठेवायची यावर तुमचा मिस्त्री मला तासभर समजावत होता. ऊन फार लागलं की खोडकिडा अराबिकाच्या खोडात शिरतो. सावली फार झाली की बुरशी वाढते आणि फूल कमी लागतं. म्हणून पावसाच्या तोंडावर फांद्या उतरवायच्या आणि पाऊस सरला की पुन्हा वाढू द्यायच्या. हे दरवर्षी, प्रत्येक उतारावर वेगळं. सपाट शेताचं गणित एकदा बसलं की बसलं. तिथे उताराची दिशा, वाऱ्याचं तोंड, ओढा कुठे आहे, या सगळ्यावर एकेका झाडाचा हिशेब. चिखलदऱ्याला गाविलगडच्या डोंगरात जी थोडीफार कॉफी आहे, महाराष्ट्राची म्हणून ती एकच, तिथेही मी सावली पाहिली होती. पण एवढी जाणती सावली मी पहिल्यांदा तुमच्याकडे पाहिली.

फुलोरा मला बघायला मिळाला नाही, तो तू नेहमी फोनवर सांगतेस: मार्च-एप्रिलमध्ये एक सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळा डोंगर पांढरा होतो, मोगऱ्यासारखा वास सुटतो आणि दोन-तीन दिवसांत फुलं करपून जातात. ती एक सर चुकली तर वर्ष गेलं. आणि नंतरची दुसरी सर आली नाही तर धरलेली फळंही गळतात. मी पाहिली ती तोडणी. लाल झालेलं फळ तेवढंच खुडायचं, हिरवं ठेवायचं, म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जायचं. संध्याकाळी वजन. मग पल्पिंगचं यंत्र साल काढतं, बिया रात्रभर टाक्यांत आंबवायच्या, चिकटा धुऊन काढायचा आणि ओट्यांवर पसरून वाळवायचं. ते वाळलेलं पार्चमेंट, म्हणजे टरफलासकटचं बी, हातात घेतलं की कसं खुळखुळतं! ओट्यावर फावडी फिरवणाऱ्या त्या आजी मला अजून आठवतात. बी दाताखाली धरून वाळलं की नाही ते त्या सांगायच्या, आणि तुमचा मॅनेजर मीटर बाजूला ठेवून त्यांचं ऐकायचा.

बाबाबुडनगिरीच्या गुहेकडे गेलो होतो तेही आठवतं ना? कुणी तिला बाबाबुडन दर्गा म्हणतं, कुणी दत्तपीठ. आपल्या घरात तर दत्त पूर्वापार. त्या जागेवरून इतक्या कोर्टकचेऱ्या आणि मोर्चे झालेत हे तू सांगितलंस तेव्हा मला फार लागलं. ज्या जागेशी एवढ्या माणसांच्या पोटाचं पीक जोडलंय, तिथे दोन्हीकडच्या लोकांना निवांत डोकं टेकवता यावं, एवढंच मला वाटतं. मी दोन्ही नावं घेऊन हात जोडले.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. तोडणीच्या रांगेत मी बायकांच्या मागे चालत होते तेव्हा त्यांच्या अंगावरच्या साड्या बघत होते. पाठीला पोतं, डोक्याला फडकं, आणि अंगावर छापील सिंथेटिक साडी. जांभळ्यावर पिवळी फुलं, हिरव्यावर बुट्टे. अगं, ते आमचे प्रिंट! रिंग रोडच्या मार्केटमधून त्यांची पार्सलं निघतात, आमच्याच भागातल्या लूमवर त्यांचं ग्रे, म्हणजे कोरं कापड, विणलं जातं. आमच्या गल्लीत बायका दुपारी ओट्यावर बसून त्याच साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, मागचे सुटे धागे कापतात. साडीमागे ठरलेले पैसे. तुमच्याकडे ठरलेल्या वजनापुढे किलोमागे पैसे. मी त्या रांगेतल्या एका बाईला खुणेने विचारलं, साडी कुठून घेतली? ती म्हणाली, संतेतून. आठवड्याच्या बाजारातून. तिला सुरत ठाऊक नव्हती आणि आमच्या गल्लीतल्या बायकांना तुमचा डोंगर ठाऊक नाही.

चारशे वर्षांपूर्वी इथून कापड जायचं आणि डोंगराची कॉफी यायची. आजही कापड जातं, कॉफी येते. मधली जहाजं गेली, मोखा गेलं, साहेब गेले. दोन्ही टोकांना नगावर पैसे मिळणारी माणसं तशीच बसलीत. तुमच्याकडे आता झारखंड, आसामची माणसं कामाला येतात असं तू म्हणालीस, आमच्याकडे ओडिशातल्या गंजामची आणि आपल्या खान्देशातली. इस्टेटीचा इतिहास लिहायचा तर मालकांच्या पिढ्या जरूर लिहाव्यात, त्यांनी किडा आणि तांबेरा आणि पडते भाव सोसून बाग राखलीय. पण त्या फ्रेममध्ये तोडणाऱ्यांच्या राहायच्या लाइनींबद्दल एक अक्षर नाही, ओट्यावरच्या आजींबद्दल नाही, हे बरोबर नाही. ज्यांच्या दाताने कॉफीचा वाळवण्याचा दर्जा ठरतो त्यांचा फोटो बंगल्याच्या फोटोशेजारी लागायला हवा. मालकांना हे तू सांगशील तर ते ऐकतील असं मला वाटतं. हिशेबाच्या वह्या तू सांभाळतेस, तुझ्या शब्दाला तिथे मान आहे.

म्हणून मी मराठी मजकूर करताना सुरुवात बदलायची परवानगी मागते. पहिला परिच्छेद येमेनच्या डोंगराचा आणि सुरतेच्या कापडाचा. दुसरा बाबाबुडनांचा, आणि ‘परंपरा सांगते’ असं स्पष्ट म्हणून. तिसरा परसातल्या कॉफीचा, मग साहेब, मग केंट, मग बोर्ड. आणि शेवटचा, सगळ्यात मोठा, सावलीचा आणि काम करणाऱ्यांचा. त्यासाठी मला तुझ्याकडून काही गोष्टी हव्यात. जुन्या मस्टर वह्या कपाटात आहेत म्हणालीस, त्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी तोडणीला कुठकुठल्या गावची माणसं होती ते बघ. गावांची नावं पुरेत. वरच्या प्लॉटमधले पांगारे कुणी लावले, मिस्त्रीला आठवत असेल तर विचार. आणि त्या आजींना विचार की त्यांनी ही परीक्षा कुणाकडून शिकली. त्यांची परवानगी असेल तरच फोटो काढ.

घरी सगळं ठीक. थंडी संपता संपता तापीकाठचा पोंक यंदा भरपूर खाल्ला, तुझी आठवण काढून लिंबू-मिरीची सेवही जास्त घेतली. धाकट्याला टेक्सटाइल मार्केटमध्ये दुकानावर ठेवलंय, शिकतोय. त्याच्या शेठना विचारून मी साड्यांचं एक पार्सल तुमच्या बायकांसाठी भावात मिळवून देऊ शकेन, दलालाच्या मधल्या पैशाशिवाय. तोडणी संपली की हातात थोडे पैसे असतात तेव्हाच पाठवते. त्यांना कोणते रंग हवेत, काठ किती रुंद हवा आणि झाडाझुडपांत चटकन न फाटणारं कोणतं कापड हवं, एवढं त्यांच्याकडून विचारून मला लिही. पाऊस पडला की लगेच कळव.

तुझी,
उषा